झुरिकमध्ये बिऱ्हाड मांडताना

झुरिकची नोकरी पक्की झाली की पुण्या-मुंबईहून पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एवढ्या पगारात भागेल ना हो?" भागतं. कॉफी, भाजी, ट्राम महाग आहेत, पण त्यांची आठवड्याभरात सवय होते. खिशाला खरी भोकं पडतात ती दुसरीकडे: चुकलेली मुदत, न वाचता सही केलेला करार, न उघडलेलं पाकीट. इथे राहून आता नऊ वर्षं झाली. या काळात नव्याने आलेल्या बऱ्याच मराठी घरांना मदत केली आणि दर वेळी हेच दिसलं. म्हणून हा लेख स्वस्त दुकानांच्या यादीपेक्षा कामांच्या क्रमाचा आहे. कुठलं काम आधी, कुठलं नंतर आणि कुठल्या तारखेच्या आत.

निघण्यापूर्वी

भारतीय पासपोर्टवर इथे कामाचा परवाना कंपनीने अर्ज केल्यावरच मिळतो. बहुतेकांना एल किंवा बी यांपैकी एक परवाना मिळतो. एल म्हणजे थोड्या मुदतीचा, बी म्हणजे वर्षावर्षाने वाढणारा. तुमचा कोणता आहे ते नेमणूकपत्र हातात येताच विचारून घ्या, कारण घर मिळणं आणि जोडीदाराची नोकरी या दोन्ही गोष्टी त्यावर बऱ्याच अवलंबून असतात. बी परवानाधारकाच्या जोडीदाराला कुटुंबीय म्हणून आल्यावर नोकरी करता येते. जोडीदारासाठी अर्ज करताना जर्मन भाषेची अ-१, म्हणजे अगदी सुरुवातीची पातळी, नाहीतर निदान वर्गात नाव घातल्याचा पुरावा मागतात. तेव्हा तो वर्ग पुण्यातच सुरू केलेला बरा. तिथे तो कितीतरी स्वस्त पडतो.

लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले अपोस्टिल करून, म्हणजे परदेशात मानला जाणारा सरकारी शिक्का घेऊन आणा. भारत २००५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात असल्यामुळे अपोस्टिल इथे चालतं. इथे येऊन ते काम भारतातल्या नातेवाइकांकडून करवून घेणं म्हणजे कुरिअर आणि फोन यांत दोन महिने गेलेच म्हणून समजा. आधीच्या घरमालकाकडून "भाडं वेळेवर दिलं, तक्रार नाही" अशी चार ओळींची इंग्रजी चिठ्ठी घ्या. घर शोधताना ती उपयोगी पडते.

सामानाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण विमानतळावर डोळ्यांत पाणी आलेली माणसं मी पाहिली आहेत. युरोपबाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे आईने कढवलेलं तूप, पेढे, खव्याची मिठाई, काहीही चालत नाही. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांनाही सरकारी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे हापूसची पेटी घरीच ठेवा. नारळ, केळी, अननस आणि खजूर यांना मात्र या नियमातून सूट आहे. मसाले, गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, डाळी, लोणच्याची बरणी हे खुशाल आणा. कुकर, तवा, कढई घ्याल ती इंडक्शनवर चालणारी घ्या. इथल्या घरात गॅस क्वचितच असतो आणि ॲल्युमिनिअमचा जुना कुकर त्या शेगडीवर निरुपयोगी ठरतो. भारतीय तीन पिनांचा प्लग इथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. मिक्सर आणणार असाल तर ॲडॉप्टरही आणा. वापरातलं घरगुती सामान जहाजाने किंवा कार्गोने येणार असेल, तर ते किमान सहा महिने वापरलेलं असल्यास जकात लागत नाही, पण त्याची यादी आणि सीमाशुल्काचा अर्ज आधी भरून ठेवावा लागतो.

पहिले चौदा दिवस

पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत, आणि कामावर रुजू होण्याआधी, नोंदणी करायची असते. झुरिक शहराचे १२ क्राइस, म्हणजे विभाग आहेत. तुमच्या विभागाच्या क्राइसब्युरोमध्ये पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचा करार, भाडेकरार आणि दाखले घेऊन जा. तात्पुरत्या सर्व्हिस्ड अपार्टमेंटचा करारही चालतो. धर्म विचारतील तेव्हा नीट उत्तर द्या. मान्यताप्राप्त चर्चच्या सदस्यांना चर्चकर लागतो, हिंदू, बौद्ध, जैन किंवा मुस्लिम माणसाला लागत नाही. घाईत चुकीच्या रकान्यात खूण झाली तर ती पगारातून दर महिना दिसत राहते. त्यानंतर बोटांचे ठसे आणि फोटोसाठी वेळ मिळते आणि परवान्याचं कार्ड टपालाने घरी येतं.

टपालाने, हे लक्षात ठेवा. पत्रपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, मग पत्ता कितीही बरोबर असो. तात्पुरत्या घरातही पहिल्या दिवशी कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहून चिकटवा. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लिहा. परवाना, बँकेचं कार्ड, विमा, मुलांच्या शाळेचं पत्र, सगळं याच पेटीत येणार आहे.

नोंदणीनंतर बँकेत खातं उघडा. झुरिकची कॅन्टोनल बँक आणि पोस्टफिनान्स हे नव्या माणसांचे नेहमीचे पर्याय. खातं झालं की ट्विंट हे ॲप जोडा. ते इथलं यूपीआयच समजा. भाजीबाजारातला शेतकरीही ते घेतो. घरभाडं आणि बिलं क्यूआर कोड असलेल्या बिलावरून भरायची असतात. सामाजिक विम्याचा ७५६ ने सुरू होणारा क्रमांकही याच दिवसांत मिळतो, तो जपून ठेवा.

घर

इथे थांबून वाचा, कारण बाकी सगळं मिळूनही एवढा पैसा आणि जीव खाणार नाही.

दर वर्षी १ जूनला शहरात रिकामी घरं मोजतात. २०२४ मध्ये ती एकूण घरांच्या ०.०७ टक्के होती. म्हणजे हजार घरांत एकसुद्धा रिकामं नाही. त्यामुळे घर तुम्ही निवडत नाही, घरमालक तुम्हाला निवडतो. हे मनात पक्कं केलं की पुढचे नकार अंगाला लागत नाहीत. मला पहिलं घर मिळेपर्यंत वीसेक नकार आले होते. एकानेही कारण दिलं नाही आणि इथे ते देण्याची रीतही नाही. तुमचं आडनाव, तुमचा देश याचाच संबंध असेल असं रात्री जागून ठरवू नका. त्याच घरासाठी स्विस जोडपीही रांगेत उभी असतात.

खोल्या मोजायची पद्धत आधी समजून घ्या. साडेतीन खोल्यांचं घर म्हणजे दोन झोपायच्या खोल्या, एक बसायची आणि जेवायची मोकळी जागा अर्धी धरलेली. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यात मोजत नाहीत. आपल्याकडचं टू बीएचके म्हणजे साधारण हेच. शहरात असं घर जाहिरातीत महिना तीन हजार फ्रँकच्या खाली दिसलं तर लगेच अर्ज करा. भाड्यात नेबेनकोस्टेन, म्हणजे तापवणं आणि गरम पाणी यांचा खर्च धरला आहे की वेगळा, हे तपासा. वर्षाअखेरीस त्याचा हिशेब येतो आणि फरक भरावा लागू शकतो.

जाहिराती होमगेट, इम्मोस्काउट२४, फ्लॅटफॉक्स या संकेतस्थळांवर असतात. एकटे असाल तर वेगे, म्हणजे वाटून घेतलेल्या घरातली एक खोली, हा पहिल्या वर्षी सगळ्यांत शहाणपणाचा मार्ग आहे. पैसाही वाचतो आणि जर्मन कानावर पडते. कुटुंब असेल तर शहराच्या कडेचे भाग बघा: ओर्लिकॉन, आल्टश्टेटन, श्वामेंडिंगन. नाहीतर शहराबाहेर ड्युबेनडॉर्फ, वालिझेलन किंवा विंटरथुर. विंटरथुरहून मुख्य स्टेशनवर यायला आगगाडीने वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मुंबईत ज्याने विरार लोकल केली आहे त्याने या अंतराला घाबरू नये. कामाच्या जागेजवळच राहायचा हट्ट महिन्याला पाचसातशे फ्रँक खातो.

घर बघायला जाताना अर्जाचं पाकीट तयार हवं: पासपोर्ट आणि परवान्याची प्रत (परवाना आला नसेल तर मंजुरीचं पत्र), नोकरीचा करार, शक्य झाल्यास तीन पगारपत्रकं, आधीच्या घरमालकाची चिठ्ठी, स्वतःबद्दल पाच ओळींचं जर्मन पत्र, आणि बेट्राइबुंग्सआउस्त्सुग. हा शेवटचा कागद म्हणजे तुमच्यावर थकबाकीची वसुली सुरू नाही याचा सरकारी दाखला. तो १७ फ्रँकला मिळतो. नवीन माणसाचा तो कोराच असतो, तरी मागतात. पत्रात आपण काय करतो, किती माणसं, वाद्यं किंवा पाळीव प्राणी नाहीत आणि हेच घर का आवडलं, एवढंच लिहा. अर्ज त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी गेलेला बहुधा उशिरा गेलेलाच असतो.

माझा सगळ्यांत भरवशाचा मार्ग नाखमीटरचा आहे. इथे भाडेकरूला साधारण तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते आणि झुरिकमध्ये घर सोडायच्या रूढ तारखा मार्चअखेर आणि सप्टेंबरअखेर आहेत. त्याआधीच जायचं असेल तर तो आपल्या जागी भाडं परवडणारा दुसरा भाडेकरू शोधून देतो, त्याला नाखमीटर म्हणतात. घर सोडणाऱ्या अशा माणसाला तुमच्याइतकीच घाई असते, तो तुमची बाजू मांडतो. ऑफिसातल्या सहकाऱ्यांना, मराठी मंडळाच्या गटावर, मुलांच्या शाळेच्या दारात, सगळीकडे सांगून ठेवा. आम्हाला घर असंच मिळालं आणि मी पुढे ज्यांना मदत केली त्यांच्यापैकी निम्म्यांना तरी असंच मिळालं.

एक सावधगिरी. घर प्रत्यक्ष न बघता, करार हातात न येता एक रॅपनही, म्हणजे इथला एक पैसाही पाठवू नका. "मी सध्या परदेशात आहे, अनामत भरा, किल्ली कुरिअरने येईल" असं लिहिणारा माणूस प्रत्येक वेळी फसवणारा असतो. फोटो सुंदर आणि भाडं कमी असेल तर संशय दुप्पट वाढवा.

करार झाल्यावर अनामत. कायद्याने ती जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याइतकी असते आणि ती तुमच्याच नावाच्या वेगळ्या बँकखात्यात ठेवावी लागते, घरमालकाच्या खिशात नाही. अनामतीऐवजी दरवर्षी हप्ता भरायच्या हमी-योजना मिळतात. हातात रोख नसेल तर सोय आहे, पण तो हप्ता परत मिळत नाही. पैसे जमले की त्यातून बाहेर पडा.

किल्ली घेताना घराची पाहणी होते आणि उबरगाबेप्रोटोकोल नावाचा कागद भरला जातो. इथे भिडस्तपणा सोडा. फरशीवरचा ओरखडा, भिंतीतलं खिळ्याचं भोक, फ्रिजचा तुटलेला कप्पा, सगळं लिहून घ्या, फोटो काढा. नंतर काही सापडलं तर दहा-बारा दिवसांत रजिस्टर पत्राने कळवा. पाच वर्षांनी घर सोडाल तेव्हा जे लिहिलेलं नाही ते तुम्ही केलेलं ठरतं. आणि घर सोडताना ते चकचकीत करून द्यावं लागतं, ओव्हनच्या जाळीपासून खिडकीच्या पट्ट्यांपर्यंत. आपल्या फोडण्यांमुळे चिमणीच्या गाळणीत तेल बसतं, ती दर महिन्याला धुवा. त्याच आठवड्यात प्रिवाटहाफ्टप्फ्लिश्ट, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा घ्या. वर्षाला शंभर-दीडशे फ्रँकचा प्रश्न असतो, सक्तीचा नाही, पण बहुतेक घरमालक तो मागतात.

आता नवीन माणसांना सहसा कोणी सांगत नाही ते. झुरिक कॅन्टनमध्ये, म्हणजे इथल्या राज्यात, २०१३ पासून घरमालकाला नव्या करारासोबत एका सरकारी छापील अर्जावर आधीच्या भाडेकरूचं भाडं लिहून द्यावं लागतं. तो कागद वाचा. भाडं फार वाढवलेलं असेल तर घर ताब्यात घेतल्यापासून ३० दिवसांच्या आत भाडे-तडजोड मंडळाकडे, म्हणजे श्लिश्टुंग्सबेह्योर्डेकडे, तक्रार करता येते. तिथली कार्यवाही फुकट असते आणि या तक्रारीमुळे घर जात नाही. दुसरं असं की भाडं एका केंद्रीय संदर्भ-व्याजदराशी जोडलेलं असतं. तो दर मार्च २०२५ मध्ये १.५ टक्के आणि सप्टेंबर २०२५ मध्ये १.२५ टक्क्यांवर आला. पाव टक्क्याच्या घटीला भाडं साधारण २.९ टक्के कमी मागता येतं. घरमालक आपणहून कमी करेलच असं नाही, लेखी मागावं लागतं. भाडेकरू संघाचं, मीटरफरबांडचं, सदस्य व्हा. पत्रांचे नमुने आणि सल्ला तिथे मिळतो.

आरोग्यविमा

इथला मूलभूत आरोग्यविमा प्रत्येकाने स्वतः विकत घ्यायचा, घरातल्या तान्ह्या बाळासकट प्रत्येकाचा वेगळा. कंपनी तो देत नाही. तो घ्यायची मुदत तीन महिन्यांची आहे, पण त्यातली मेख अशी की विमा तुम्ही इथे आल्या दिवसापासून लागू होतो आणि हप्ताही त्या दिवसापासूनचा भरावा लागतो. "अजून दोन महिने आहेत" म्हणून थांबून काहीही वाचत नाही, उलट तीन हप्ते एकदम येतात. मुदत उलटली तर जास्तीचा भुर्दंड आणि मधल्या दिवसांत संरक्षण नाही.

मूलभूत विम्यात काय मिळतं हे कायद्याने ठरलेलं आहे. सगळ्या कंपन्यांचं तंतोतंत सारखं. म्हणून सर्वांत स्वस्त कंपनी घ्यायला घाबरू नका. प्रिमइन्फो या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर आपला पिनकोड घालून तुलना करा. फोन करून "मोफत सल्ला" देणाऱ्या दलालांना नम्रपणे नाही म्हणा. २०२५ मध्ये देशभरातला प्रौढांचा सरासरी हप्ता महिना ४४९ फ्रँक होता आणि झुरिक शहर आपल्या कॅन्टनमधल्या सर्वांत महाग विभागात येतं.

हप्ता तीन गोष्टींनी कमी होतो. पहिली, फ्रांशिझ: वर्षाला पहिले किती पैसे तुम्ही स्वतः भरणार. प्रौढांसाठी ही रक्कम ३०० पासून २५०० फ्रँकपर्यंत निवडता येते. त्यावरच्या खर्चाचे १० टक्के, जास्तीत जास्त ७०० फ्रँक, पुन्हा तुमचे. हिशेब केला तर वर्षाचा वैद्यकीय खर्च साधारण दोन हजार फ्रँकपेक्षा कमी असेल तर २५०० ची फ्रांशिझ परवडते, जास्त असेल तर ३०० ची. मधल्या आकड्यांचा फायदा क्वचित होतो. मधुमेह, थायरॉइड, नियमित औषधं असतील तर ३०० घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. २५०० घेणार असाल तर एक वाईट वर्ष ३२०० फ्रँकचं असू शकतं, तेवढे बाजूला ठेवा. दुसरी, पद्धत: आधी ठरलेल्या डॉक्टरकडे किंवा आधी फोनवरच्या सल्लाकेंद्राकडे जायचं कबूल केलं तर हप्ता उतरतो. नियम मात्र पाळा, थेट तज्ज्ञाकडे गेलात तर बिल अंगावर येऊ शकतं. तिसरी, अपघात: आठवड्याला आठ तास किंवा जास्त नोकरी असेल तर अपघाताचा विमा नोकरी देणाऱ्या कंपनीकडून असतोच, तो आरोग्यविम्यातून काढायला सांगा. नोकरी न करणाऱ्या जोडीदाराच्या आणि मुलांच्या विम्यात मात्र तो ठेवा.

दात यात येत नाहीत. भारतातून निघण्यापूर्वी सगळ्यांचे दात दाखवून, भरून, साफ करून या. हा सल्ला मी प्रत्येकाला देते आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांनी पुढच्या सुट्टीपर्यंत एका बाजूने चावलं आहे. रुग्णवाहिकाही महाग असते, मूलभूत विमा तिचा निम्माच खर्च देतो. खरी आणीबाणी असेल तर अर्थातच १४४ फिरवा, पैशाचा विचार करू नका. पण रात्री मुलाला ताप आला, काय करावं कळेना, अशा वेळी ०८०० ३३ ६६ ५५ या कॅन्टनच्या डॉक्टरफोनवर विचारा. तो फुकट आहे आणि रात्रंदिवस चालतो. विषबाधेसाठी १४५.

विमा बदलायचा असेल तर तो रद्द करण्याचं पत्र ३० नोव्हेंबरपर्यंत विमा कंपनीच्या हातात पडायला हवं. टपालात टाकल्याची तारीख धरत नाहीत.

बिलं आणि कर

इथे दवाखान्यात पैसे देत नाहीत, बिल घरी येतं, भरायला साधारण ३० दिवस. सुरुवातीच्या काळात एका प्रयोगशाळेचं चाळीसेक फ्रँकचं बिल मी विमा कंपनीकडे जाईल असं समजून बाजूला ठेवलं. आधी स्मरणपत्र आलं, मग शुल्क लावलेलं दुसरं. त्यापुढची पायरी म्हणजे बेट्राइबुंग, सरकारी वसुली. ती नोंद पाच वर्षं त्या १७ फ्रँकच्या दाखल्यावर दिसू शकते आणि मग घर मिळणं जवळजवळ अशक्य. तेव्हापासून आमच्याकडे रविवारी सकाळी चहाबरोबर आठवड्याची पाकिटं उघडली जातात. सेराफे नावाचं रेडिओ-टीव्हीचं शुल्कही येईल, घराला वर्षाला ३३५ फ्रँक, टीव्ही नसला तरीही. ते खरं आहे, फसवणूक नाही.

बी किंवा एल परवान्यावर कर पगारातूनच कापला जातो. वर्षाचा एकूण पगार १,२०,००० फ्रँक किंवा जास्त असेल तर विवरणपत्रही भरावं लागतं. त्याहून कमी असेल तर ते ऐच्छिक आहे आणि पुढच्या वर्षी ३१ मार्चपर्यंत मागावं लागतं. तिसऱ्या स्तंभातली, म्हणजे निवृत्तीसाठी स्वतःहून केलेली बचत (२०२५ साठी कमाल ७,२५८ फ्रँक), मुलांच्या पाळणाघराचा खर्च यांची वजावट हवी असेल तर हा अर्ज फायद्याचा ठरू शकतो. पण एकदा मागितला की पुढेही दरवर्षी भरावंच लागतं, म्हणून आधी आकडेमोड करा. विवरणपत्रात भारतातली मालमत्ता लिहायची असते: कोथरूडचा फ्लॅट, मुदतठेवी, म्युच्युअल फंड. भारतातल्या घरावर इथे कर लागत नाही, पण कराचा दर ठरवताना ते धरतात. दोन्ही देश खात्यांची माहिती एकमेकांना देतात, त्यामुळे लपवण्याचा विचारही करू नका. भारतातलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं करून घ्यायला विसरू नका.

स्वयंपाकघर, कपडे, कचरा

पोळ्यांसाठी कणीक भारतीय किंवा तमिळ दुकानातूनच आणा. लांगश्ट्रासच्या आसपास अशी दुकानं आहेत. श्रीलंकेच्या तमिळ मंडळींमुळे कढीपत्ता, शेवगा, ओला नारळ इथे मिळतो, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार कृतज्ञता वाटते. बाकी बरंच साध्या दुकानात आहे, फक्त नाव माहीत हवं. रवा म्हणजे ग्रीस. चक्क्याऐवजी क्वार्क घ्या, रात्रभर फडक्यात टांगलं की श्रीखंड उत्तम होतं. ब्राटबुटर हे मुळात कढवलेलं लोणीच आहे, घाईच्या दिवशी तूप म्हणून चालतं. मिग्रोस आणि कोप ही इथली मोठी सुपरमार्केटं; मिग्रोसमध्ये एम-बजेट आणि कोपमध्ये प्री गारांती हे स्वस्त प्रकार, आणि आल्डी, लिडल आहेतच. संध्याकाळी बंद होण्याआधी भाजी-ब्रेडवर सवलतीच्या चिठ्ठ्या लागतात. रविवारी दुकानं बंद, मुख्य स्टेशनाखालची आणि विमानतळावरची सोडून.

जर्मनीत कोन्स्टान्झला जाऊन किराणा भरणं ही इथली जुनी रीत आहे. पण १ जानेवारी २०२५ पासून माणशी १५० फ्रँकपर्यंतच करमुक्त आणता येतं, आणि मांस माणशी एक किलो. तिकिटाचा खर्च धरला तर महिन्यातून एकदाच, घरातले सगळे मिळून गेलात तरच परवडतं.

कपडे तळघरातल्या सामायिक धुलाईघरात धुवायचे, वाशक्युशेमध्ये. तुमचा वार ठरलेला असतो. वेळ संपायच्या आत कपडे काढणं, गाळणीतला कापूस काढणं, फरशी पुसणं हे शेजाऱ्यांशी असलेल्या नात्याचं मूळ आहे. इमारतीतली बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात.

कचरा फक्त त्स्युरी-झाकमध्ये, म्हणजे शहराच्या ठरलेल्या पिशवीत टाकायचा. तिच्या किमतीतच कचऱ्याचा कर आहे. एक ३५ लिटरची पिशवी रुपयांत शंभराच्या वर जाते, म्हणून दुकानात ती गल्ल्यापाशी मागावी लागते. साध्या पिशवीत टाकलेला कचरा उघडून पत्ता शोधतात आणि दंड पाठवतात. म्हणून वेगळं करायला शिका: प्लास्टिक बाटल्या दुकानात परत, काच आणि डबे चौकातल्या संकलन-पेट्यांत (रविवारी नाही), कागद सुतळीने चारी बाजूंनी बांधून ठरलेल्या दिवशी दारात. गठ्ठा कसा बांधायचा हे मला तळमजल्यावरच्या आजींनी दाखवलं. त्या ब्याऐंशीच्या होत्या आणि गाठ अशी घट्ट मारायच्या की ट्रकवाल्याने उचलून फेकली तरी सुटणार नाही. जुनं फर्निचर, मोठ्या वस्तू यांसाठी शहराची वेगळी सोय असते. आणि घर भरताना आधी ब्रोकेनहाउस, म्हणजे जुन्या वस्तूंची दुकानं बघा. आमचं जेवणाचं टेबल तिथलंच आहे, सागवानी नसलं तरी तितकंच भक्कम.

फिरणं

हाल्बटाक्स कार्ड पहिल्या वर्षी १९० फ्रँकला मिळतं आणि देशभरातली बहुतेक तिकिटं निम्म्या दरात. आल्याबरोबर घ्या. शहर म्हणजे झोन ११०, एकाच तिकिटावर ट्राम, बस, लोकल आणि तलावातल्या होडीचा शहरातला टप्पाही. सहा वर्षांखालची मुलं फुकट, पुढे १६ पर्यंत वर्षाला ३० फ्रँकच्या ज्युनियर कार्डावर आई-बाबांबरोबर. गाडीची घाई करू नका. चालवायचीच असेल तर भारतीय परवाना १२ महिन्यांच्या आत बदलावा लागतो आणि त्यासाठी परीक्षकासोबत गाडी चालवून दाखवावी लागते. ती एकदाच देता येते, नापास झालात तर शिकाऊ परवान्यापासून सुरुवात. आधी इथल्या शिक्षकाकडे चार-पाच तास तरी शिका. उजव्या बाजूची वाहतूक आणि ट्रामचा अग्रक्रम डोक्यात बसायला वेळ लागतो.

मुलं आणि भाषा

३१ जुलैपर्यंत चार वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला किंडरगार्टन सक्तीचं आणि मोफत आहे. शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते. मला मनापासून वाटतं की दोन-तीन वर्षांहून जास्त राहायचं असेल आणि मूल लहान असेल तर सरकारी शाळाच निवडावी. आंतरराष्ट्रीय शाळेची फी वर्षाला तीस हजार फ्रँकच्या वरही जाते आणि मूल शेजारच्या मुलांपासून तुटतं. सरकारी शाळेत जर्मन येत नसलेल्या मुलांना वेगळे तास देतात. मूल पहिले काही महिने गप्प राहील. रडेलही. त्या वेळी घाबरून शाळा बदलू नका. घरात मराठीच बोला, शिक्षकही हेच सांगतात. थोड्याच दिवसांत मूल गळ्यात नारिंगी त्रिकोणी पट्टा घालून एकटं चालत शाळेत जायला लागतं. त्या सकाळी खिडकीतून बघताना पोटात गोळा येतो, पण इथे रस्ता ओलांडणाऱ्या मुलासाठी गाड्या थांबतात.

त्याआधीच्या वयाचं पाळणाघर मात्र फार महाग, दिवसाला १२०-१३० फ्रँकच्या घरात. उत्पन्नानुसार शहर अनुदान देतं, त्याचा अर्ज जरूर करा. आणि दिवस गेल्याचं कळलं की पाळणाघराच्या प्रतीक्षायादीत नाव घाला.

भाषेबद्दल, नव्याने आलेल्यांपैकी बरेच जण म्हणतात की ऑफिसात इंग्रजी चालतं. चालतंच. पण घरमालकाचं पत्र, शाळेची पालकसभा, डॉक्टरचं बिल, तळघरातली सूचना हे सगळं जर्मनमध्ये असतं. वर्गात शिकाल ती प्रमाण जर्मन, रस्त्यावर ऐकाल ती स्विस-जर्मन. पुस्तकी मराठी शिकून मालवणात उतरलेल्या माणसासारखं पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. तरी प्रमाण जर्मनच शिका, लोक तुमच्याशी तीत बोलतात. जिन्यात भेटेल त्याला "ग्र्युएत्सी", निघताना "आदे", हे पहिल्या दिवसापासून म्हणा.

भारतीयांना कायमचा सी परवाना साधारणपणे दहा वर्षांनी मिळतो. बोलण्यात ब-१ आणि लिहिण्यात अ-१ पातळी दाखवली, आणि बाकी नोंदी स्वच्छ असतील, तर पाच वर्षांनीच मागता येतो. ही परीक्षा चौथ्या वर्षाच्या शेवटी घाईत देण्यापेक्षा पहिल्या हिवाळ्यातच वर्ग सुरू करा. नोव्हेंबरपासून पाच वाजताच अंधार पडतो, संध्याकाळ मोठी असते, आणि आठवड्यातून दोनदा त्या वर्गातल्या इतर नव्या माणसांबरोबर बसलं की घरही तेवढं रिकामं वाटत नाही. शहराच्या संकेतस्थळावर परवडणाऱ्या वर्गांची यादी आहे. त्यातले काही मुलं सांभाळण्याच्या सोयीसह आहेत, तेव्हा लहान मूल घरात असलेल्या वहिनींनीही थांबू नये.